फळ्यावर नावं लिहिण्याआधी



या आठवड्यात पापड-कुरडयांवर लिहायचं ठरवलं होतं. ऊन तापायला लागलं आहे आणि तशी पत्रंही बरीच आली आहेत. पण परवा नाशिकहून एका भगिनीचं पत्र आलं आणि पापड बाजूला ठेवावे लागले. पत्र असं आहे :

‘ताई, आमची चोवीस बिऱ्हाडांची सोसायटी आहे. बहुतेक घरांतले पुरुष एमआयडीसीत कामाला. दिवाळीनंतर इथल्या एका कारखान्यानं एक पाळी बंद केली आणि कंत्राटी माणसं कमी केली. आमच्या बिल्डिंगमधल्या सात फ्लॅटना त्याची झळ बसली. दरमहा दीड हजार मेंटेनन्स, तो या सात जणांकडून चार महिने आलेला नाही. फ्लॅट आम्हां दोघांच्या नावावर आहे आणि कमिटीत बायकांच्या दोन जागा राखीव असतात, म्हणून यंदा माझं नाव घातलं. मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतं? तर हे म्हणाले, तू फक्त सही करायची, बाकीचं आम्ही बघतो. आता सेक्रेटरी म्हणतात, थकबाकीदारांची नावं लाल अक्षरांत फळ्यावर लावू आणि महिनाअखेर पैसे आले नाहीत तर त्यांचं पाणी बंद करू. त्या सातांत माझी एक मैत्रीण आहे. यांची नोकरीही त्याच कारखान्यात आहे, कायम आहे म्हणून आज वाचली. रविवारी मीटिंग आहे. मी सही करू का? आणि नाही केली, तर बोलू काय? घरात चार माणसांपुढं कधी बोलले नाही!’

बाई, सही करू नका. निदान या रविवारी तरी नको. का, ते सांगते. पण त्याआधी माझी स्वतःची एक गोष्ट सांगायला हवी. आजवर ती या पानावर लिहायचा धीर झाला नव्हता.

सन २००९ ची गोष्ट. आदल्या वर्षी अमेरिकेत बँका बुडाल्या आणि तिथली मंदी आपल्याकडच्या कचेऱ्यांपर्यंत पोचली. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहत होतं. त्यातल्या मुलाची नोकरी गेली. डोक्यावर घराचं कर्ज, पदरात दोन वर्षांची मुलगी. मेंटेनन्स थकला तेव्हा मीही कमिटीत होते, अशीच ‘फक्त सही करणारी’. फळ्यावर नाव लावायचा ठराव आला. मला पटलं नव्हतं. पण घरी कुकर लावायचा राहिला होता, मीटिंग लांबली होती, आणि सगळेच हो म्हणत होते. मीही सही केली.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी जिन्यात भेटली. तोवर रोज ‘काकू’ म्हणून थांबायची. त्या दिवशी मान खाली घालून निघून गेली. दोन महिन्यांनी त्यांनी घर घाईघाईनं, मिळेल त्या भावाला विकलं आणि ती माहेरी गेली. थकलेली रक्कम होती सात हजार रुपये. ती सोसायटीला मिळाली, घर विकताना वसूल झाली. पण भगिनींनो, त्या सात हजारांचं पुढं काय केलं ते आज कुणालाही आठवत नाही. तिची खाली घातलेली मान मात्र मला अजून आठवते.

म्हणून तुमचं पत्र वाचून मी पापड बाजूला ठेवले.

नोकरी आली की घर वाढतं, गेली की हलतं

आपण म्हणतो, घर विटा-सिमेंटचं असतं. खरं म्हणजे ते पगारावर उभं असतं. गावाबाहेर कारखाना आला की बघा, आधी भाडी चढतात. मग जुन्या वाड्यावर मजला चढतो, मग बिल्डरच्या पाट्या लागतात. ज्यांच्या गाठीला चार पैसे आहेत ते दुसरा फ्लॅट घेतात, भाड्यात हप्ता निघेल या हिशेबानं. सगळं सुरळीत चालतं, ते पाळी चालू असेतोवर. पाळी बंद झाली की आधी भाडेकरू गावी जातो, रिकाम्या फ्लॅटचा हप्ता मालकाच्या छाताडावर बसतो, आणि शेवटी सोसायटीच्या वॉचमनचा पगार थकतो. एका कारखान्याच्या फाटकावरची नोटीस पाच किलोमीटरवरच्या लिफ्टला येऊन थडकते, ती अशी.

हे काही आजचं नाही. मुंबईच्या गिरणगावाचंच उदाहरण घ्या. १८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढं लालबाग, परळ, वरळी, शिवडी हा भाग चाळींनी भरून गेला. कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायचे. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर पाठ टेकायची. बायकामुलं गावी. या गड्यांना जेवू घालायला खानावळवाल्या बायका होत्या. दहा बाय बाराच्या खोलीत स्वतःचा संसार, आणि त्याच चुलीवर दहा-वीस जणांचे डबे!

मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. किती तरी जणांना कामावर परत जाता आलं नाही, अनेक गिरण्या हळूहळू कायमच्या बंद पडल्या आणि आज त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे आहेत. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नोकरी गेली तरी पुष्कळांची खोली राहिली, कारण १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं जुनी भाडी गोठलेली होती. थोडक्या भाड्यात डोक्यावर छप्पर तरी टिकलं, म्हणून बाईला घरकाम करून, डबे करून मुलं वाढवता आली.

आज आपल्या डोक्यावर गोठलेलं भाडं नाही, बँकेचा हप्ता आहे. तो पाळी बंद झाली म्हणून थांबत नाही. म्हणून त्या सात घरांची अवस्था चाळीतल्या बाईपेक्षा एका अर्थानं जास्त नाजूक आहे. फ्लॅट, टाइल्स, लिफ्ट हे सगळं आहे, आणि तरीही.

पुढारीपण म्हणजे माईक नव्हे

तुम्ही लिहिलंत, ‘मला त्यातलं काय कळतं?’ पुढारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं हार, माईक आणि मोठा आवाज येतो. तसं पुढारीपण वेगळं. मी तुम्हाला दुसरं दाखवते.

त्या खानावळवाल्या बायकांतच काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. गिरणगावात चळवळीचं काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की या बायका राबतात दिवसभर, पण वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांतून त्यांची मान कधी सुटत नाही. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बायकांचे गट केले, एकमेकींना जामीन राहायला लावलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सुरुवात भाषणापासून झाली नाही. ‘तुझ्यावर कर्ज किती? व्याज किती? डबे किती?’ या चौकशीपासून झाली. पुढं २००२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मुळात त्यांनी केलं ते एवढंच, की कोणीही न विचारलेला हिशेब विचारला.

दुसऱ्या मृणालताई गोरे. गोरेगावच्या वस्त्यांतल्या बायकांना पाणी मिळावं म्हणून त्या झगडल्या, म्हणून लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणत. १९७२ च्या महागाईत लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या, त्यांतही त्या पुढं होत्या. पण घराच्या बाबतीत सांगायचं तर त्यांचं मोठं काम म्हणजे नागरी निवारा परिषद. जमीन कमाल धारणेचा कायदा १९७६ साली झाला होता. त्याखालची जमीन सामान्य माणसांच्या घरांसाठी मिळावी म्हणून त्या आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सरकारदरबारी आणि कोर्टात खेपा घालत राहिले. शेवटी गोरेगावला दिंडोशी इथं सहा हजारांहून जास्त घरं उभी राहिली. मोर्चा एका दिवसाचा असतो. कागदांमागं वर्षानुवर्षं लागायला वेगळीच चिकाटी लागते, आणि ती चिकाटी बायकांना शिकवावी लागत नाही. रेशनकार्डात नाव घालायला आपण किती खेपा घालतो!

आता तुमच्या घराकडं वळू. महिनाअखेरीला डब्यात किती डाळ आहे ते तुम्हाला माहीत असतं. कोण पाहुणा लाजून कमी जेवतोय ते कळतं. कुणाला रागावायचं आणि कुणाला बाजूला घेऊन सांगायचं, हेही कळतं. सोसायटी चालवायला याहून निराळं काही लागत नाही. फक्त हे सगळं चोवीस घरांसाठी करायचं असतं.

रविवारच्या मीटिंगआधी

पहिलं काम चौकशीचं. ‘सात थकबाकीदार’ असं तोंडानं म्हणायला सोपं आहे, पण ती सात निरनिराळी घरं आहेत. दुपारच्या वेळी एकेकीकडं जा, वही घेऊन नव्हे, चहाला जा. कुणाची नोकरी पूर्ण गेली, कुणाचा पगार अर्धा झाला, कुणाच्या घरी आजारपण आहे, ते समजून घ्या. सातांतले एखाद-दोन फ्लॅट रिकामे असतील, भाडेकरू सोडून गेल्यामुळं. तिथं मालकाला फोन लावा. भाडेकरू गेला तरी मेंटेनन्स मालकानंच भरायचा असतो. तो दुसऱ्या शहरात सुखरूप असेल तर त्याला सवलत कशासाठी? आणि एखादा असाही निघेल, की ज्याची नोकरी शाबूत आहे, पण बाकीचे देत नाहीत मग मी का देऊ, म्हणून बसला आहे. ज्याला जमत नाही तो आणि ज्याला द्यायचं नाही तो, यांना एकाच यादीत घालणं हा अन्याय. ते वेगळे काढणं हेच पुढारीपणाचं पहिलं लक्षण.

दुसरं काम हिशेबाचं. सात घरांचे दरमहा दीड हजार म्हणजे साडेदहा हजार, चार महिन्यांचे बेचाळीस हजार. आकडा मोठा आहे, पण बिल्डिंग बुडेल असा नाही. सतरा घरांचे साडेपंचवीस हजार दर महिन्याला येतातच. खर्चाचा कागद मागून घ्या. तुम्ही कमिटीत आहात, तो तुमचा हक्क आहे. पाणी, जिन्यातले दिवे, वॉचमन, लिफ्ट हे थांबवता येत नाही. पण जिन्याचा रंग, गणपतीची रोषणाई, बागेतली नवी बाकं वर्षभर थांबू शकतात. एकच सांगते, सिंकिंग फंडाला हात लावू देऊ नका. तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा पैसा आहे, मासिक तूट भरायचा नव्हे.

तिसरं, तोडगा घेऊन जा. नुसतं ‘हे बरोबर नाही’ म्हणून बसलात तर तुमचं म्हणणं दोन मिनिटांत उडवून लावतील. असं सांगा : ज्यांची नोकरी खरोखर गेली त्यांनी सहा महिने दरमहा निदान पाचशे भरावेत, उरलेले नोकरी लागल्यावर हप्त्यानं द्यावेत आणि तसं लिहून द्यावं. सातही जण या सवलतीत आले, तरी तूट साडेदहावरून सात हजारांवर येते; आणि मालक, चुकार मंडळी पूर्ण भरू लागली की आणखी खाली येईल. ज्यांना शक्य आहे त्यांनी तीन महिन्यांचा मेंटेनन्स आगाऊ भरावा. ती देणगी नव्हे, पुढच्या बिलांत वळती होणारी रक्कम आहे. थकबाकीवर व्याज किती लावायचं याची उपविधींत वरची मर्यादा असते, पण त्याहून कमी दर ठरवणं सर्वसाधारण सभेच्या हातात आहे. तो विषय सभेपुढं ठेवायला सांगा.

आणि जो मुद्दाम देत नाही, त्याच्यासाठी रीतसर वाट आहे. लेखी नोटीस द्या, नंतर निबंधकांकडं वसुलीच्या दाखल्यासाठी अर्ज करा. पाणी तोडणं ही वाट नव्हे. ते माणुसकीला धरून नाही आणि उद्या कोर्टकचेरी झाली तर सोसायटीच्याच अंगाशी येईल. सेक्रेटरींना हे भांडून नको, मीटिंगच्या आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा. चारचौघांत कुणाचं तोंड पाडलं की माणूस हट्टाला पेटतो. ते वाईट गृहस्थ असतील असं नाही. वॉचमन रोज त्यांच्याच दारात पगार मागायला उभा राहतो, हेही लक्षात ठेवा.

चौथं म्हणजे, आपला मेंटेनन्स त्या दिवशी भरलेला असू द्या आणि पावती पर्समध्ये असू द्या. दुसऱ्यासाठी बोलणाऱ्याचं स्वतःचं खातं चोख असावं लागतं.

बोलायचं कसं, याची धास्ती वाटते ना? चार वाक्यं कागदावर लिहून न्या आणि वाचून दाखवा, त्यात काही कमीपणा नाही. आवाज कापला तर कापू द्या. आणि तुमचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. ठराव तुमच्या विरुद्ध झाला तरी ‘माझा याला विरोध आहे’ एवढं वाक्य त्यात यायला हवं. २००९ साली मी तेवढंच वाक्य बोलले नाही.

आणि इतर सगळ्या भगिनींसाठी

हे पत्र नाशिकचं असलं तरी ही वेळ कुणावरही येते. २०२० च्या टाळेबंदीत आपण पाहिलंच. पुण्यासारख्या शहरांतली तरुण मुलं लॅपटॉप काखेत मारून गावी गेली, फ्लॅट रिकामे पडले, भाडी उतरली. पुढं कचेऱ्या उघडल्या आणि भाडी पुन्हा चढली. त्या वेळी रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट सहा महिने हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली होती. अनेकींना वाटलं हप्ते माफ झाले. माफ काही झालं नव्हतं, व्याज चढतच होतं. पुढं ढकलणं निराळं आणि माफ होणं निराळं.

म्हणून तीन गोष्टी आजच करा. एक, कर्जाच्या कागदावर आपली सही आहे का ते बघा. २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, त्यामुळं पुष्कळ घरं आता बायकांच्या नावावर झाली आहेत. चांगलंच आहे. पण कर्जातही नाव असेल तर जबाबदारीही तितकीच आपली.

दोन, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला साठवायचा प्रयत्न करा. वीस लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता अठरा हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे एक लाख आठ हजारांची तजवीज हवी. एकदम जमणार नाही, पण बोनस आला की आधी सोफा नको, आधी हे.

तीन, नोकरी गेलीच तर हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा, चुकल्यावर नव्हे. नव्वद दिवसांहून जास्त थकलं की बँक ते कर्ज बुडीत खात्याकडं झुकलेलं धरते आणि मग २००२ च्या कायद्यानं साठ दिवसांची नोटीस देऊन घरावर जप्ती आणता येते. त्याआधी गेलात तर मुदत वाढवून हप्ता कमी करून मागता येतो. लाजून घरात बसण्यात फार घरं जातात.

नाशिकच्या भगिनी, तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘उद्या आमचंही नाव त्या फळ्यावर येईल अशी भीती वाटते.’ ही भीती लपवू नका. रविवारी हीच गोष्ट बोला. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या मनात तीच आहे, फक्त कुणी म्हणत नाही.

मीटिंगमध्ये काय झालं ते मला जरूर कळवा. मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा.

पापड-कुरडया पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर उडीद डाळ निवडून ठेवा.

तुमची,
ताई